रिबकाआत्या इथिओपियाला येते

एस्तेर रणनवरे खाटेवर अंग टाकते ती फक्त पाठ टेकायला. बूट पायातच आहेत, बंद तेवढे सैल केलेत. पत्र्यावर निलगिरीची वाळकी फळं टपटप पडताहेत, खालच्या वॉर्डात कुणीतरी कॉफी कुटतंय, आणि खिडकीला लावलेल्या जुन्या चादरीतून दुपारचं ऊन येऊन तिच्या मिटल्या पापण्यांवर बसलंय. झोपायचं नाही हं, असं ती स्वतःला बजावते. बजावून थांबायला झोप काय हाताखालची आया आहे?

आणि आज झोपून चालणारच नाही. शुक्रवार आहे. इथल्या भाविक माणसांचा उपास टळटळीत दुपार कलल्यावर सुटतो. तो सुटला, जेवणं झाली, की मिशन हॉस्पिटलची गाडी डोंगराखालच्या गावांकडे निघणार, आणि त्या गाडीत वर्कनेश बसून जाणार. बाईने गाठोडंसुद्धा बांधून ठेवलंय.

ही वर्कनेश म्हणजे एस्तेरच्या जिवाला लागलेला घोर. कुष्ठरोग झाला होता, औषधांनी तो पार बरा झाला, पण जाताना उजव्या हाताची बोटं बधिर आणि आकडा करून गेला. बोटं हाताला होती, पण कामाची नव्हती. मग डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मनगट उचलणारा एक धडधाकट स्नायू घेतला, त्याला नव्या शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जोडल्या आणि त्या नेऊन बोटांना बांधल्या. प्लास्टर परवा निघालं. आता पुढचं काम, हाताला शिकवायचं, एस्तेरचं, कारण शीर जोडली म्हणून हात आपोआप चालत नाही. कुठली दोरी आता कुठे बांधलीय हे डोक्याला कळावं लागतं. ते कळायच्या आत वर्कनेश घरी गेली, तर शिरा जिथल्या तिथे चिकटतील, बोटं पुन्हा वळतील, आणि ये रे माझ्या मागल्या. असा हात दुसऱ्यांदा नीट करता येत नाही.

एस्तेरने काय काय केलं नाही! चेंडू दिला, फडकं पिळायला दिलं. शेवटी तिने आपलं हुकमी अस्त्र काढलं. परातीत पीठ मळलं आणि भाकरी थापायला लावली. ती आधी होती त्या नगरकडच्या मिशन दवाखान्यात या एका भाकरीने किती बायकांचे हात चालू झाले होते! वर्कनेशने मान वाकडी करून ते थापणं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, तू पिठाला मारतेस का?" इथे भाकरी नसतेच. इथे असतो इंजेरा, आंबवलेलं पीठ तव्यावर ओतून केलेला, आपल्या आंबोळीचा थोरला भाऊ. त्यात थापायचं काहीच नाही. आज सकाळी वर्कनेश म्हणाली, "हा हात माझा नाही. डॉक्टरनं दुसऱ्या कुणाचा तरी बसवलाय. मी आपली जाते."

पुन्हा एकदा जाऊन तिची समजूत घालायची, एस्तेर ठरवते. उठायचं. आत्ता उठायचं.

"बूट काढ आधी! गादीवर बूट घालून निजतीस, लाज नाही वाटत?"

पायथ्याशी रिबकाआत्या बसलीय.

पांढरं स्वच्छ पातळ, खांद्याला मिशनचा बिल्ला, मांडीवर सोलायला घेतलेला लसूण. ही एस्तेरच्या वडिलांची थोरली बहीण, नगरकडच्या त्या दवाखान्यात हात आणि पाय शिकवायच्या विभागाची इनचार्ज सिस्टर. एस्तेरला आत्या आणि गुरू दोन्ही. गेल्या नाताळाच्या आधी ती वारली, हे एस्तेरला झोपेतसुद्धा पक्कं ठाऊक आहे. पण स्वप्नातल्या माणसाला 'तू मेलीस ना?' विचारणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला 'जाणार कधी?' विचारण्यासारखं. ती विचारत नाही. तिला नुसता आनंद होतो.

"आत्या! तू इथं कशी?"

"कशी म्हंजे? तू यायची सोय ठेवलीस का? मग मीच आले. लय लांब आलीस बाई तू. वाटेत समुद्र लागला."

"विमानानं आलीस?"

"विमानात लसूण सोलू देतात व्हय? बूट काढ."

एस्तेर खाली वाकून बूट काढते, पाय जमिनीवर ठेवते, तर खाली लाल कोबा. नगरच्या दवाखान्याचा लांबच लांब व्हरांडा. भिंतीला पाठ लावून बायका बसल्यात, प्रत्येकीपुढे परात, आणि सगळा व्हरांडा थापथाप वाजतोय. रिबकाआत्या हातात उलथनं घेऊन त्यांच्यातून फिरतेय, परातीच्या कडेवर ठण्‌ठण्‌ वाजवतेय.

"डोळ्यानं धर गं, बोटानं नको! बोटं आंधळी झाल्यात तुझी, त्यांना काय दिसतंय? तू बघ त्यांच्या वाटचं!"

रांगेच्या टोकाला वर्कनेश बसलीय, डोक्यावरून पांढरी शाल घेऊन. तिच्यापुढे परात नाही. गाठोडं आहे.

"हिची परात कुठाय?" आत्या विचारते.

"तिला भाकरी येत नाही, आत्या."

"मग तिला थापायला बसवलंस कशापायी?"

"तूच शिकवलंस ना मला! हात अडला की भाकरी."

आत्या उलथनं खाली ठेवते. कंबरेवर हात. हा पवित्रा एस्तेरला लहानपणापासून माहीत आहे. पुढे बोलणी खायची असतात.

"मी भाकरी शिकवली नाही, एस्तू. या बायांच्या हाताला जे पोरपणापासून येत होतं, ते मी कामाला लावलं. भाकरी त्यांची होती. माझी नव्हती आन् तुझीबी नव्हती. तू आपली भाकरी पिशवीत घालून समुद्रापार नेलीस, आन् त्या बाईच्या माथी मारलीस."

एस्तेरला राग येतो, हसू येतं, आणि हे आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही म्हणून चरफडायला होतं. "मग हिच्या हाताला काय येतं ते मला काय ठाऊक?" ती म्हणते.

"तुला ठाऊक नाही? मग तिथं राहून करतीस काय?"

आणि आत्या चालायला लागते. ती आधीही अशीच चालायची, मागचा येतोय की नाही ते न बघता. व्हरांडा संपतो तिथे देवळाचं दार आहे, गावातल्या त्यांच्या चर्चचं, आत प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्यात. पाळकसाहेब वाढायला फिरताहेत, पण त्यांच्या हातात वरणाच्या बादलीऐवजी प्लास्टर कापायची कात्री आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. "जय ख्रिस्त, सिस्टर," ते म्हणतात. "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त, घाईत आहे," आत्या म्हणते आणि वेदीशेजारच्या दारातून बाहेर पडते ती थेट इथिओपियातल्या बाजारात.

उन्हात लाल मिरच्यांचे ढीग. गाढवांवर सरपण. डोंगरावरून येणारा गार वारा. रिबकाआत्या, जी हयातीत पुण्याच्या पलीकडे गेली नाही, ती एका मिरचीवालीपुढे फतकल मारते.

"कशी दिली गं मिरची?"

बाई तिच्या भाषेत भाव सांगते.

"छ्‌या! एवढ्यात तर तुझं गाढव येईल!"

बाई खदखदा हसते, मिरची कमी भावात देते, वर मूठभर जास्त घालते. इतके दिवस इथे राहून एस्तेरला कांदेसुद्धा असे मिळाले नाहीत. "आत्या, तुला त्यांची भाषा येते?"

"मला कुठली यायला? तिला पोटाला विकायचंय, मला जेवायचंय. यात भाषा कशाला लागती?"

कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजतो. एस्तेर आत्याचा पदर ओढते. "आत्या, चल ना गं, गाडी निघेल! ती गेली की संपलं सगळं. शिरा चिकटतील. परत उघडून करता येत नाही."

"निघू दे. हात गाडीला शिकवायचाय का तिला? भूक लागली मला. जेवाय घाल."

जेवण मांडलेलंच आहे. मिरच्यांच्या ढिगाऐवजी आता वेताची गोल, उंच टोपली आहे, तिच्यावर पसरलेला मोठा इंजेरा, मधोमध वाफाळणारं शिरो. भोवती वॉर्डातल्या सगळ्या बायका एकाच ताटात जेवायला बसल्यात. आत्या एक बोट शिरोत बुडवून चाटते आणि तिचे डोळे मोठे होतात.

"अगं हे पिठलंय!"

"पिठलंच," एस्तेर म्हणते. तिला हे आत्याला पत्रातून कळवायचं होतं, फोनवर सांगायचं होतं, पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. "तिखट आहे. तुला आवडेल, मला वाटलंच होतं."

ती पुढे काही बोलणार तोच शेजारची बाई इंजेऱ्यात शिरो गुंडाळून मोठा थोरला घास करते आणि तिच्या तोंडात कोंबते. एस्तेरचे गाल फुगतात. दुसरी बाई आत्याच्या तोंडाशी घास नेते. आत्या आधी दचकते, मग आ करते, मग दोन्ही गाल भरून, डोळ्यांतून पाणी काढत हसते.

"हे काय गं? नवरदेव-नवरीगत?"

"गुर्शा म्हणतात," एस्तेर घास गिळून सांगते. "जेवताना शेजारच्याला आपल्या हाताने भरवायचं. घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. नको म्हटलं तर रुसतात. आणि एक भरवून थांबत नाहीत, एकावर थांबलं की भांडण होतं म्हणे. मला रोज भरवतात. मी वाळलीय असं त्यांना वाटतं."

"वाळलीसच. सगळ्या भरवतात?"

"सगळ्या."

"ही?" आत्या हनुवटीने दाखवते.

वर्कनेश ताटाभोवती नाही. ती पलीकडे, अंग चोरून, मांडीवर वेगळी ताटली घेऊन बसलीय. डाव्या हाताने खातेय.

एस्तेर आठवून बघते. सकाळच्या ड्रेसिंगला वर्कनेश असते. प्रार्थनेला असते. कॉफीला असते, विनोद तर सगळ्यांत चावट तीच करते. पण जेवताना...

"नाही," ती म्हणते. "ही कधीच नाही. मला नाही आणि कुणालाच नाही."

"आन् तू परातीत पीठ मळत बसलीस," आत्या म्हणते. "काखेत कळसा आन् गावाला वळसा! चल, भरव मला."

"मी?"

"नाय तर काय पाळकसाहेब भरवत्यात? भरव. आन् माझ्या तोंडाकडं बघू नको, आपल्या हाताकडं बघ."

एस्तेर इंजेऱ्याचा तुकडा तोडते, शिरोत बुडवते, घास गोळा करते. हात उचलते. आणि बघत राहते. मनगट आपोआप वर येतंय. मनगट वर आल्याबरोबर बोटं मुळातून वाकताहेत, सरळ राहूनच एकत्र येताहेत, पाचही टोकं घासापाशी मिटताहेत. डॉक्टरांनी जी दोरी मनगटाकडून बोटांना बांधली, ती नेमकी हीच. मूठ वळ, बोट वाकव असं ती वर्कनेशला सांगत राहिली, आणि सांगायला हवं होतं ते एवढंच, की घास उचल.

"आत्या!" ती ओरडते. "आत्या, हेच! अगं हेच की गं!"

"मला काय सांगतीस? मी तुला असंच वाढवलंय." आत्याचा आवाज मऊ होतो. "ताप आला की तू दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाहीस."

एस्तेरला एकाएकी भरून येतं. हातात घास तसाच. "मला तुझी फार आठवण येते," ती म्हणते. "रोज येते. काही चांगलं झालं की तुला सांगावंसं वाटतं आणि मग लक्षात येतं."

"मग आज काय चांगलं झालं ते नंतर सांग. आधी घास दे. हात दुखला असेल बाई तुझा."

रिबकाआत्या आ करते. एस्तेर घास तिच्या तोंडात ठेवते, आणि आत्या, साठी उलटल्यावरही लग्नातल्या करवलीसारखी वात्रट, घासाबरोबर तिच्या बोटाला कडकडून चावते.

"आई गं!"

एस्तेर खाटेवर ताडकन उठून बसलीय. ऊन चादरीवरून उतरून जमिनीवर आलंय. खाली कॉफीचा वास पसरलाय, बायकांचा गलका ऐकू येतोय, म्हणजे उपास सुटला. बोट ठणकतंय. ती ते उजेडात धरते. उजव्या हाताच्या तर्जनीवर दातांची ओळ उमटलीय, ताजी, लाल, आणि ओळीच्या मधोमध एका दाताची जागा मोकळी आहे. रिबकाआत्याचा वरचा एक दात तरुणपणीच पडला होता. नवा बसव म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, तिने बसवला नाही.

एस्तेर शेजारच्या बोटाला स्वतःच चावून बघते. तिची ओळ अखंड उमटते. एकही फट नाही.

यावर विचार करायला आत्ता वेळ नाही. ती धावत सुटते. बुटाच्या बंदावर पाय पडून पायरीवर धडपडते, सावरते, आणि वॉर्डाच्या ओसरीवर पोचते तेव्हा ड्रायव्हर गाडीच्या टपावर पोती बांधतोय. बायका मोठ्या ताटाभोवती बसल्यात. वर्कनेश कोपऱ्यात, गाठोड्याला टेकून, मांडीवर वेगळी ताटली घेऊन डाव्या हाताने जेवतेय.

एस्तेर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसते. धाप लागलीय. "वर्कनेश, मला भरव."

"काय?"

"गुर्शा. मला भूक लागलीय. भरव."

वर्कनेश डाव्या हाताने तुकडा तोडायला जाते.

"उजव्या हातानं. डाव्यानं भरवतात का कुणी?"

बायकांचे घास हातातच राहतात. वर्कनेश आपल्या उजव्या हाताकडे बघते, मग एस्तेरकडे. "या हातचं?" ती हळू आवाजात विचारते. "सिस्टर, तुला समजतंय का काय मागतेस?"

"तुझा आजार गेलाय."

"ते तुला माहितीय, डॉक्टरला माहितीय. माझ्या बहिणीला माहिती नाही. आजार झाल्या दिवसापासून माझ्या हातचा घास कुणी घेतला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्यांनी तिला भरवलं. मी दाराशी उभी होते."

एस्तेर नुसता आ करते, मोठा, आणि तशीच बसून राहते.

गेटापाशी हॉर्न वाजतो. कुणी वळून बघत नाही.

मग वर्कनेशमधली ती चावट बाई वर येते. "चावलीस तरी मला कळायचं नाही हं," ती म्हणते, आणि डाव्या हाताने इंजेऱ्याचा तुकडा तोडून, शिरो घेऊन, उजव्या हाताच्या बोटांत ठेवते. बोटं ताठ. तुकडा निसटतो. ती पुन्हा ठेवते. आता ती हाताकडे बघतच नाहीये. ती एस्तेरच्या उघड्या तोंडाकडे बघतेय, आई ज्या नजरेने बघते त्या नजरेने, आणि हात पुढे येतो, मनगट वर उचललं जातं, आणि चार बोटं मुळातून वाकून, हळूच, अंगठ्याला येऊन मिळतात.

अर्धा घास एस्तेरच्या एप्रनवर पडतो. अर्धा तोंडात जातो.

बायका एकदम ओरडतात. कुणी जीभ हलवून इलिलिलि असा लग्नातला आनंदाचा सूर लावते, दुसरी तो उचलते, पाठोपाठ सगळी ओसरी दुमदुमते. आतून डॉक्टर धावत बाहेर येतात, काय झालं म्हणून. वर्कनेश आपला हात डोळ्यांसमोर धरून बसलीय. बोटं अजून तशीच मिटलेली आहेत. "हे मी केलं?" ती विचारते. "मीच केलं ना?"

एस्तेरचं तोंड भरलंय, डोळे वाहताहेत. ती जोरजोरात मान हलवते.

ड्रायव्हर टपावरून हाक मारतो. निघायला उशीर होतोय, ती बाई येतेय की नाही?

वर्कनेश त्याच्याकडे बघतही नाही. ती दुसरा घास करायला लागलीय, या खेपेला मोठा.

"आज नाही," ती ओरडून सांगते. "सिस्टरचं जेवण व्हायचंय."